मेलने गेलेले शेवट

रविवार, १७ नोव्हेंबर २००२

सकाळी पेज. निम्मी गळ्याखाली, निम्मी टॉवेलवर. ठसका लागला की चेहरा काळा-निळा पडतो. डॉ. म्हणतात घास श्वासनलिकेत जातो.

गणपतीत अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून हे पलंगावर आहेत. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात चालतो. डोळे उघडे असतात. त्या डोळ्यांमागे कुणी आहे की नाही, मला माहीत नाही. इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याबद्दल हे लिहायची वेळ आली.

दुपारी वरवंडहून गायकवाड आले. लोको शेडमधले फिटर, हे रेल्वेत गार्ड होते तेव्हापासूनचे दोस्त. चप्पल काढायच्या आधीच, "गार्डसाहेब, डबा धरा."

मी म्हटलं, त्यांना काही कळतं की नाही तेच ठाऊक नाही.

"कळतंय बाई. कळत नसतं तर माझी कटकट ऐकून घेतली असती व्हय?"

हा त्यांचा खेळ मी लग्नापासून ऐकते आहे. पूर्वी दर शनिवारी रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये हॉलिवूडचा जुना सिनेमा दाखवत. त्यावरून निघालेलं खूळ. एकाने मनात एखादा नट, नटी नाहीतर सिनेमा धरायचा. त्याला म्हणायचं 'डबा धरणं', फिल्मच्या पत्र्याच्या डब्यावरून. दुसऱ्याने दहा सवालांत ओळखायचं. उत्तर फक्त हो किंवा नाही. हरेल त्याने फलाटावर चहा पाजायचा. साहेबलोकांची नावं जिभेवर चढत नसत, म्हणून कॉलनीने आपली ठेवली: ओला कोट, भुवईवाली, बारक्या मिशा. मी बी.ए. झालेली, गणित शिकवणारी, आणि घरात दोन मोठी माणसं भुवईवालीवरून हमरीतुमरीवर. वेळेचा अपव्यय. तेव्हाही म्हणत होते.

आता हे बोटाने पलंगाच्या लोखंडी दांड्यावर ठोकतात. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. गायकवाडांनी लावलेली पद्धत.

"बाप्या हाय?" एक ठोका. "भिजतो?" एक. "ओला कोट." एक.

गायकवाड माझ्याकडे बघून हसले. मी हसले नाही. ते बोट तसंही हलतच असतं.


गुरुवार, २१ नोव्हें.

डॉ. घरी येऊन गेले. मिलिंद शिरूरहून रजा काढून आला होता. डॉ. म्हणाले, तोंडाने भरवणं धोक्याचं. पोटाला छिद्र पाडून नळी घालावी, अन्न त्यातून. शिरूरच्या दवाखान्यात सोय आहे. नाही घातली तर, "तुम्ही शिकलेल्या आहात, बाई. स्पष्ट सांगतो, फार दिवस नाहीत."

मिलिंद म्हणाला, "बाबांना विचारा ना. ठोके देतात ते."

डॉ. वाकून मोठ्याने, "आजोबा, नळी घालायची का?"

दोन ठोके. स्वच्छ.

मिलिंदचा चेहरा पडला. डॉ. म्हणाले, थांबा, आणि विचारलं, आज सोमवार आहे का? एक ठोका.

"बघा. आज गुरुवार. हात हलतो, त्याला अर्थ नाही."

मिलिंद हलका झाला. "म्हणजे ते 'नाही' धरायचं नाही." मीही हलकी झाले. ते गेल्यावर मात्र लक्षात आलं की आज वार कोणता, हे मलाही कॅलेंडर बघून कळलं होतं.


रविवार, २४ नोव्हें.

गायकवाड हरले. दहा सवाल संपले, डबा ओळखला नाही. "बाई चहा ठिवा, हरलोय," म्हणून स्वतःच्या हाताने ह्यांना चमचाभर चहा पाजला. ठसका. उपडं करून पाठ थोपटावी लागली. श्वास परत येईतो मी आणि गायकवाड एकमेकांकडे बघत होतो.

मग त्यांना बोलले. जरा जास्तच. ते म्हणाले, "बाई, तीस वरसात हरल्याला चहा कवा चुकवला न्हाई मी." आणि कोपऱ्यात बसून राहिले.


बुधवार, २७ नोव्हें.

रात्रंदिवस एकच. हे आहेत की नाहीत. मी अंग पुसते, कूस बदलते, पाठीला पावडर लावते. हे सगळं कुणाचं करते आहे? माणूस असेल तर त्याच्याशी बोललं पाहिजे. नसेल तर तेही माहीत पाहिजे. मधलं मला जमत नाही.

मिलिंदला फोन केला. म्हटलं, आज वार कोणता, ही परीक्षा नव्हे. ज्याला जे येतं ते विचारावं. ह्यांना जन्मात दोन गोष्टी आल्या, गाड्या आणि ते सिनेमे. सिनेमांची नीट प्रश्नपत्रिका आण.

"आई, नेटवर ढिगाने मिळतील. जगभर लोक हाच खेळ खेळतात. ओळखा पाहू."

जगभर. हे ऐकून ह्यांना बरं वाटलं असतं.


रविवार, १ डिसें.

मिलिंद सायबर कॅफेतून कागद काढून घेऊन आला. नटांचे फोटो, प्रत्येक सिनेमाची गोष्ट थोडक्यात, खाली प्रश्न. इन्स्टिट्यूटमध्ये लागलेले नेमके कोणते, ते गायकवाडांनी परवा फोनवर त्याला वर्णनाने सांगितलं होतं. चांगलं काम केलं पोराने. मोठ्याने, सावकाश, मराठीत एकेक प्रश्न वाचला. मी उत्तरं टिपली.

निम्मी बरोबर, निम्मी चूक.

मिलिंद कागद खाली ठेवून म्हणाला, "नाणं उडवलं असतं तरी एवढं आलं असतं, आई."

मागच्या दारी जाऊन तोंड धुऊन आला. मग म्हणाला, पंधरा तारखेच्या रविवारी गाडी घेऊन येतो. शिरूरला नेऊ, नळी घालू. "निदान जगतील तरी."

मी बरं म्हटलं.


सोमवार, २ डिसें.

कागद टाकून देणार होते. सवयीने तपासत बसले.

ज्याला काही येत नाही तो मुलगा कुठेही चुकतो. इथे एक, तिथे एक, ताळमेळ नसतो. ज्याला चुकीचं शिकवलं आहे तो ठरावीक जागी चुकतो. एकतीस वर्षं पेपर तपासले, एवढं तर कळतं.

ह्यांच्या चुका ठरावीक जागी आहेत. कोण कुणाची बायको, कुणाच्या हातात पिस्तूल, गाव समुद्राकाठी की वाळवंटात: सगळं बरोबर. चुकले ते फक्त शेवटाचे प्रश्न. आणि सगळेच्या सगळे चुकले. नाणं असं पडत नाही.

कागद पुन्हा पाहिला. पुन्हा तेच.


बुधवार, ४ डिसें.

शेजारच्या बाईंना ह्यांच्यापाशी बसवून वरवंडला गेले. गायकवाड कांद्याच्या रोपांना पाणी देत होते. मला बघून खोरं टाकलं. "गार्डसाहेब?" म्हटलं, आहेत तसेच आहेत. मला एक सांगा. दिव्याच्या सिनेमाचा शेवट काय?

दिव्याचा सिनेमा म्हणजे दीपस्तंभाच्या रखवालदाराचा. ह्यांचा सर्वांत आवडता. वादळात जहाज वाचवायला रखवालदार होडी घेऊन जातो. कागदावर लिहिलं आहे की तो बुडतो आणि त्याची बायको वर चढून दिवा लावते. ह्यांनी 'बुडतो' याला दोन ठोके दिले होते.

गायकवाड म्हणाले, "सकाळच्याला होडीतनं परत येतो की. बायको भाकरी टाकत असती."

"भाकरी?"

"अँथनीच्या शेवटात समद्यांच्या बायका भाकऱ्याच टाकायच्या, बाई."

मग बांधावर बसून सांगितलं. फिल्मचे डबे शनिवारी पुण्याहून पॅसेंजरने यायचे आणि त्याच रात्री मेलने सोलापूरला जायचे. रविवारी तिथल्या लोकांना तोच सिनेमा. इथला खेळ कधी वेळेवर सुरू होत नसे. शेवटचा डबा मशीनवर चढायच्या आत मेलचा सिग्नल पडायचा.

"मग?"

"मग काय. मेल काय सिनेमासाठी थांबती व्हय? हमाल डबे उचलून फलाटावर. अँथनी, मशीन चालवायचा तो, दिवा लावून पडद्याम्होरं उभा ऱ्हायचा आन् शेवट सांगायचा. त्याच्या हिंदीत. 'और फिर सब लोग घर वापस आया.' म्येलं कुणी न्हाई त्याच्या शेवटात. पुढं पोरं बसल्याली असायची ना."

"तुम्हाला माहीत होतं की तो मनाने सांगतो?"

"आता कुणाला ठावं. त्यालाबी दरवेळी म्हाईत असंल असं न्हाई. आमाला तोच शेवट. खेळातबी तोच धरायचा, ठरलेलं व्हतं." मग म्हणाले, "आन् मेलवर ड्यूटी असली का डबे गार्डसाहेबांच्याच ब्रेकव्हॅनमधी. किती शेवट पायाशी घिऊन सोलापूरला गेले असतील. बघितला एकबी न्हाई."

अँथनीला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. ह्यांनी खांदा दिला होता, एवढं आठवतं. मी गेले नव्हते. पेपर तपासायचे होते.


शुक्रवार, ६ डिसें.

मेणबत्ती लावली. यंदा दादरला जाणं नाही. वंदना मोठ्याने म्हटली. ह्यांचे ओठ हलल्यासारखे वाटले. हा पुरावा धरत नाही.


रविवार, ८ डिसें.

नवीन प्रश्नपत्रिका मी काढली. गायकवाडांकडून अँथनीचे शेवट घेतले, मिलिंदच्या कागदावरचे छापील शेवट घेतले, दोन्ही मिसळले. गायकवाडांना स्वयंपाकघरात बसवलं, चेहऱ्यावरून सूचना मिळायला नको. मी खाली मान घालून एका आवाजात वाचलं.

भुवईवाली शेवटी नवऱ्याला सोडून जाते का? दोन ठोके. नवऱ्याकडे परत येते? एक. ओल्या कोटाला गोळी लागते? दोन. गोळी टोपीला लागते? एक. रखवालदार बुडतो?

दोन.

परत येतो?

एक.

सगळी उत्तरं अँथनीची. एकही चुकलं नाही.

पेन्सिल खाली ठेवली आणि वर बघितलं. हे माझ्याकडे बघत होते. किती दिवसांपासून बघत होते कोण जाणे. मी मात्र अंगाखालची चादर बघत होते, नखं, पाठीवरचे लाल चट्टे.

म्हटलं, "अहो."

एक ठोका.

गायकवाड आतून, "बाई, झालं का? का मी हितंच ऱ्हाऊ?"


सोमवार, ९ डिसें.

सकाळपासून मी बडबडते आहे. मांडवगणला भावाने ऊस लावला, शेजारचा कुत्रा मेला, डाळ महागली. हे ऐकतात. मध्येच एक ठोका. मला वाटतं इतकं तर मी ह्यांच्याशी झटक्याआधीही कधी बोलले नव्हते.

दुपारी ही वही मागे चाळली. २१ नोव्हेंबर.

दोन ठोके. स्वच्छ. असं मीच लिहिलं आहे.

म्हणजे त्या दिवशीचं उत्तरही


मंगळवार, १० डिसें.

पुन्हा विचारलं. प्रश्न उलटसुलट केले, चुकीला जागा नको म्हणून.

नळी घालायची? दोन. नळी नको? एक. दवाखान्यात जायचं? दोन. इथेच? एक.

मग तो प्रश्न. नळी घातली नाही तर फार दिवस नाहीत, हे तुम्हाला कळतं का?

बोट बराच वेळ दांड्यावर नुसतं टेकलेलं होतं. मला वाटलं झोप लागली.

एक.

उठून भांडी घासली. घासलेलीच होती.

संध्याकाळी विचारलं, मिलिंदच्या कागदावर सिनेमांचे खरे शेवट आहेत, वाचून दाखवू? वाटलं, आयुष्यभर डबे वाहिले, आत काय होतं ते बघावंसं वाटेल.

दोन ठोके. लगेच.


गुरुवार, १२ डिसें.

मिलिंदला फोन. परीक्षेचं सगळं सांगितलं. शेवट, अँथनी, मेल. आधी त्याला कळलं नाही. मग कळलं आणि तो ओरडलाच. कंपनीतून बोलत होता, मागे मशीनचा आवाज.

"म्हणजे बाबा आहेत, आई. आत आहेत."

म्हटलं, आहेत.

"मग आता तर नळी घालायलाच पाहिजे. मी उगाच मनात धरून बसलो होतो की काय उपयोग. आता नाही. रविवारी सकाळीच येतो."

मी पुढचं वाक्य तोंडात धरून होते. तो म्हणाला, "तू नसतीस तर आपण त्यांना लाकूड समजून ठेवलं असतं." आणि सुपरवायझर आला म्हणून फोन ठेवला.

वर्गात पोरं थरथर कापायची माझ्यापुढे. स्वतःच्या पोराला एक वाक्य सांगता आलं नाही.


शनिवार, १४ डिसें.

सकाळी ठसका. आतापर्यंतचा सर्वांत वाईट. ओठ निळे, डोळे पांढरे. शेजारच्या बाईंनी धरलं, मी बोट घालून घास काढला. नंतर अंगातला जीव गेल्यासारखे पडून होते.

वाटलं, आता बदललं असेल. गुदमरणं काय असतं ते कळलं असेल. जरा तरतरी आल्यावर विचारलं. हो, आशेने विचारलं, तेही लिहिते.

नळी?

दोन.

गायकवाडांना निरोप धाडला होता, ते दुपारी आले. सगळं सांगितलं. बराच वेळ ह्यांचा पाय चेपत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, तुमी एवढं शोधून कशापायी काढलं?"

"माहीत नको होतं का?"

"मला म्हाईत व्हतंच की. मी काय इचारलं त्यास्नी? भुवईवाली का ओला कोट, एवढंच. त्याच्या फुडं मी गेलो न्हाई."

मला राग आला. त्यांचा नव्हे. मग कुणाचा, ते कळेना.

जाताना त्यांनी वाकून म्हटलं, "गार्डसाहेब, डबा धरा. पुढच्या रविवारी वळखतो." एक ठोका. ते दारात थांबले, पुन्हा वळून बघितलं आणि गेले.


रविवार, १५ डिसें.

अंघोळ घातली. दाढी मीच केली, हनुवटीला जरा लागलं. इस्त्रीचा सदरा. कुठे जायचं नसलं तरी पोरगा येतो आहे.

पेज आज बरी गेली. चमचा अर्धा भरायचा, गिळेपर्यंत थांबायचं. मी पूर्वी घाई करत होते का?

काय करायचं ते पहाटेपासून डोक्यात घोळत होतं. आता ठरलं. मिलिंदला मी काही सांगणार नाही. उत्तर सांगून गणित येत नाही, हे मी हजारो पोरांना सुनावलं आहे. स्टुलावर बसवीन आणि म्हणेन, तुझ्या बापाने डबा धरला आहे, सवाल तू विचार. मी बाहेर पायरीवर बसेन. चेहऱ्यावरून सूचना मिळायला नको. त्याला नाही, ह्यांनाही नाही.

दोन ठोके आले तर मिलिंद काय करील, माहीत नाही. शिरूरला खाट ठरली आहे. गाडीत मागची सीट काढून गादी टाकली असेल त्याने. तो शांत पोरगा आहे, पण बापाच्या बाबतीत मी त्याला कधी नीट बघितलेलं नाही. आणि तो म्हणाला की आई, तू म्हणशील तसं, तर मग मला म्हणावं लागेल.

ह्यांना सगळं सांगितलं. मिलिंद येईल, तो विचारील, मी नसेन. चालेल?

एक.

आता लिहिताना वेगळीच भीती वाटते आहे. पोराचं तोंड बघून ह्यांनी एकच ठोका दिला तर? अँथनीने पुढे बसलेल्या पोरांकडे बघून शेवट सांगितले, तसा? मी काल-परवाची उत्तरं पुढे करायची की आजचं? आजचंही त्यांचंच असेल. त्यालाही पूर्ण गुण द्यावे लागतील.

कोपऱ्यावर गाडी वळल्याचा आवाज येतो आहे. तोच असावा. स्टूल पलंगाच्या डाव्या बाजूला ठेवलं आहे, आणि ठोके स्वच्छ ऐकू यावेत म्हणून दांड्यावर टाकलेला पेजेचा टॉवेल काढून घेतला आहे.